टास्क मॅनेजरमधली अनोळखी प्रोसेस : नावावर जाऊ नका, पत्ता विचारा

कंप्युटर अचानक मंदावतो, पंखा घरघरू लागतो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा, तर दीड-दोनशे नावांची यादी समोर येते. त्यातली पाच-सहा ओळखीची. बाकीची कोणाला कळू नयेत म्हणूनच ठेवल्यासारखी : सीएसआरएसएस, सीटीएफमॉन, डब्ल्यूएमआयपीआरव्हीएसई. त्यातलं एखादं नाव इंटरनेटवर शोधलं की पहिलं पान म्हणतं ‘विंडोजचा आवश्यक भाग’ आणि दुसरं म्हणतं ‘धोकादायक व्हायरस, ताबडतोब काढा’. गंमत म्हणजे दोन्ही पानं एकाच वेळी खरी असू शकतात. दोघंही फक्त नावाबद्दल बोलत असतात, आणि या सगळ्यात नाव हीच सर्वांत निरुपयोगी माहिती आहे.

मोठ्या कार्यालयात गणवेश घातलेला अनोळखी माणूस दिसला, तर गणवेशावरून तो खरंच तिथला कर्मचारी आहे हे ठरत नाही. तो कुठल्या खोलीतून आला, ओळखपत्र कोणी दिलं, त्याला कोणी पाठवलं आणि काय काम सांगितलं, हे विचारावं लागतं. प्रोसेसलाही हेच चार प्रश्न विचारायचे : फाइल कुठे आहे, तिच्यावर सही कोणाची, तिला सुरू कोणी केलं, आणि कोणत्या आदेशाने.

## आधी थोडी ओळख

प्रोग्राम म्हणजे डिस्कवर पडून असलेली फाइल. ती चालू होऊन मेमरीत आली की तिची प्रोसेस होते. एकाच फाइलच्या एका वेळी अनेक प्रोसेस असू शकतात. ब्राउझर एकच उघडलेला असताना त्याच्या पंधरा-वीस ओळी दिसतात, त्या यामुळेच. प्रत्येक प्रोसेसला विंडोज एक क्रमांक देतं, तो पीआयडी. पडद्यावर खिडकी न दाखवता चालते ती बॅकग्राउंड प्रोसेस. त्यातल्याच ज्या विंडोजकडे रीतसर नोंदवलेल्या असतात आणि तुम्ही लॉगिन करण्याआधीही सुरू होऊ शकतात, त्या सर्व्हिस. एवढी परिभाषा पुरे.

टास्क मॅनेजरचं पहिलं पान वाचायला सोपी नावं दाखवतं. खरी फाइल पाहायची तर ‘डिटेल्स’ या टॅबवर जा. तिथे स्तंभांच्या शीर्षकावर उजवं क्लिक करून ‘सिलेक्ट कॉलम्स’ निवडा आणि ‘इमेज पाथ नेम’ व ‘कमांड लाइन’ या दोन चौकटींवर खूण करा. पहिला स्तंभ फाइलचा पूर्ण पत्ता दाखवतो, दुसरा ती कोणत्या आदेशाने सुरू झाली ते. हे दोन स्तंभ विंडोजने मुळातच दाखवायला हवे होते. निम्म्या शंका तिथेच मिटल्या असत्या.

## नाव का फसवतं

फाइलला कोणतंही नाव देता येतं. मालवेअर, म्हणजे घातक प्रोग्राम, लिहिणारे त्यामुळे विंडोजच्याच प्रोसेसची नावं वापरतात किंवा डोळ्याला चकवतील अशी जवळची नावं शोधतात. एसव्हीसीहोस्ट या विंडोजच्या प्रोसेसच्या नावातली दोन अक्षरं उलटी केली की एससीव्हीहोस्ट होतं. इंग्रजी ओच्या जागी शून्य घातलं तरी घाईत कळत नाही. एलसॅस ही लॉगिन आणि पासवर्ड तपासणारी विंडोजची महत्त्वाची प्रोसेस. तिच्या सुरुवातीच्या लहान एलच्या जागी मोठा आय टाकला, तर अनेक फॉन्टमध्ये फरक दिसतच नाही. शंका आली तर नाव कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा आणि फॉन्ट कुरिअर न्यू किंवा कन्सोलास करा. तिथे ही अक्षरं वेगळी दिसतात.

उलटही खरं आहे. चमत्कारिक नाव म्हणजे व्हायरस, असं अजिबात नाही. मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधली ॲप्स ज्या फोल्डरमध्ये राहतात, त्यांच्या नावात आवृत्तीचे आकडे आणि अर्थहीन अक्षरांची लांबलचक शेपटी असते. ती नेहमीचीच.

## पहिला प्रश्न : फाइल कुठे आहे?

प्रोसेसवर उजवं क्लिक करून ‘ओपन फाइल लोकेशन’ निवडलं की फोल्डर उघडतो. तपासाची सुरुवात इथून करावी, कारण विंडोजमध्ये कुठे कोणाला लिहिता येतं याचे नियम आहेत. सी ड्राइव्हवरच्या विंडोज आणि प्रोग्राम फाइल्स या फोल्डरांत नवी फाइल ठेवायला साधारणपणे ॲडमिनिस्ट्रेटरची परवानगी लागते. तुमच्या खात्याखालचा ॲपडेटा, त्यातला टेम्प, डाउनलोड्स आणि सर्वांसाठी खुला असलेला पब्लिक, इथे परवानगीशिवाय काहीही लिहिता येतं. मालवेअरला बहुतेक वेळा ही परवानगी नसते, म्हणून ते याच जागांमध्ये मुक्काम करतं.

विंडोजच्या मुख्य प्रोसेसचे पत्ते ठरलेले आहेत. एसव्हीसीहोस्ट, एलसॅस, सीएसआरएसएस, विनलॉगऑन, विनइनिट आणि सर्व्हिसेस या सगळ्या विंडोज फोल्डरमधल्या सिस्टिम३२ मध्ये राहतात. एक्सप्लोरर मात्र सिस्टिम३२ मध्ये नसतो, थेट विंडोज फोल्डरमध्ये असतो. एलसॅस किंवा सीएसआरएसएस ॲपडेटामधून चालताना दिसली, तर पुढचा तपास फक्त खात्रीसाठी. उत्तर जवळजवळ मिळालेलंच आहे.

इथे एक विचित्र गोम आहे. ६४ बिटच्या विंडोजमध्ये ६४ बिटच्या फाइल सिस्टिम३२ मध्ये असतात आणि ३२ बिटच्या सिसवॉव६४ मध्ये. आकडे उलटे वाटतात, पण जुने प्रोग्राम मोडू नयेत म्हणून ते तसेच ठेवले आहेत. त्यामुळे सिसवॉव६४ मधून चालणारी एखादी विंडोजची प्रोसेस पाहून दचकू नका. दचकायचं ते पत्त्यातल्या बारीक फरकाला : सिस्टिम३२ ऐवजी नुसतं सिस्टिम, किंवा विंडोज या शब्दानंतर एक रिकामी जागा. ही रिकामी जागा वापरून खोटा विंडोज फोल्डर तयार करण्याची युक्ती खरोखर वापरली गेली आहे. फाइल एक्सप्लोररमध्ये दोन ‘विंडोज’ फोल्डर शेजारी-शेजारी दिसले, तर त्यातला एक नक्की बनावट.

## ‘पण माझं नेहमीचं ॲपही ॲपडेटामध्येच आहे’

असणारच. डिस्कॉर्ड, झूम, स्पॉटिफाय अशी कितीतरी ॲप्स तुमच्या खात्याच्या ॲपडेटा फोल्डरमध्ये बसतात, कारण मग ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड न मागता त्यांना स्वतःला अपडेट करता येतं. सोयीची गोष्ट, पण त्यामुळे चांगल्या-वाईटाची सरमिसळ होते. म्हणून ॲपडेटामध्ये असणं हा गुन्हा नाही. विंडोजचं नाव लावून ॲपडेटामध्ये असणं हा गुन्हा.

विंडोजच्या स्वतःच्या काही प्रोसेसही सिस्टिम३२ च्या बाहेर असतात, आणि नेमक्या त्याच लोकांना घाबरवतात. डिफेंडर हा अंगभूत अँटिव्हायरस टास्क मॅनेजरमध्ये ‘अँटिमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल’ म्हणून दिसतो. त्याची फाइल प्रोग्रामडेटा फोल्डरमध्ये, मायक्रोसॉफ्ट, विंडोज डिफेंडर, प्लॅटफॉर्म असं आत-आत जाऊन आवृत्तीच्या क्रमांकाच्या फोल्डरमध्ये सापडते. अपडेट बसवणारी टायवर्कर विनएसएक्सएस फोल्डरमधून चालते. एज वेबव्ह्यूच्या आठ-दहा ओळी दिसतात त्या दुसऱ्या ॲप्सना आत वेबपान दाखवायचं असतं म्हणून. आणि प्रोसेस एक्सप्लोररसारख्या साधनात (त्याबद्दल पुढे येईलच) दिसणाऱ्या रजिस्ट्री व मेमरी कम्प्रेशन यांना डिस्कवर स्वतःची फाइलच नाही. विंडोजचा गाभा त्यांना थेट तयार करतो. त्यांचा पत्ता सापडला नाही म्हणून रात्र जागवू नये.

## दुसरा प्रश्न : सही कोणाची?

सॉफ्टवेअर कंपन्या आपल्या फाइलवर डिजिटल सही करतात. त्यातून दोन गोष्टी कळतात : फाइल कोणाकडून आली आणि सही झाल्यावर तिच्यात एका बिटाचाही बदल झाला आहे का. फाइलवर उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, ‘डिजिटल सिग्नेचर्स’ टॅब, सहीची ओळ निवडून ‘डिटेल्स’. तिथे सही ठीक असल्याचं वाक्य दिसलं पाहिजे. टॅब आहे एवढ्यावर थांबू नका. फाइलमध्ये फेरफार झालेला असला तरी टॅब दिसतो. सही अवैध असल्याचं आत गेल्यावरच कळतं.

प्रॉपर्टीजमध्येच ‘डिटेल्स’ नावाचा आणखी एक टॅब असतो आणि त्यात कंपनीचं नाव, वर्णन, कॉपीराइट लिहिलेलं असतं. त्याला पुराव्याची किंमत शून्य. तो मजकूर प्रोग्राम लिहिणारा स्वतः टाकतो, त्यामुळे तिथे ‘मायक्रोसॉफ्ट कॉर्पोरेशन’ लिहायला कोणाचीच अडकाठी नाही. कित्येक लोक हा टॅब पाहून निर्धास्त होतात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

आता उलटा गोंधळ. विंडोजच्या काही अस्सल फाइलमध्ये ‘डिजिटल सिग्नेचर्स’ हा टॅबच नसतो. त्यांची सही फाइलच्या आत नसते, विंडोज एका वेगळ्या कॅटलॉग फाइलमध्ये ती ठेवतं. प्रॉपर्टीजची खिडकी कॅटलॉग पाहत नाही, म्हणून अस्सल फाइलही सहीविना वाटते. पॉवरशेल या विंडोजच्या आदेश टाइप करण्याच्या साधनातली गेट-ऑथेंटिकोडसिग्नेचर ही कमांड कॅटलॉगही तपासते. त्याहून सोपं म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावर फुकट मिळणारं प्रोसेस एक्सप्लोरर. सिसइंटर्नल्स या संचातलं हे साधन. मार्क रसिनोविच आणि ब्राइस कॉगस्वेल यांनी १९९६ मध्ये सुरू केलेला हा उद्योग मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये विकत घेतला. प्रोसेस एक्सप्लोररच्या ऑप्शन्स मेनूमधला ‘व्हेरिफाय इमेज सिग्नेचर्स’ पर्याय चालू केला की ‘व्हेरिफाइड सायनर’ हा स्तंभ येतो आणि सगळ्या प्रोसेसच्या सह्या एका दमात तपासून मिळतात. फाइल मेनूमधून ‘शो डिटेल्स फॉर ऑल प्रोसेसेस’ निवडायला विसरू नका, नाहीतर सिस्टिमच्या प्रोसेसची बरीच माहिती कोरी राहते.

सहीमागच्या सर्टिफिकेटची, म्हणजे सही करणाऱ्याच्या डिजिटल ओळखपत्राची, मुदत २०१९ मध्येच संपली आहे, असं दिसलं तर? सही करताना तिच्यावर वेळेचा शिक्काही घेतलेला असेल, तर सर्टिफिकेटची मुदत संपली तरी सही वैधच राहते. मुदतीपेक्षा ‘सही ठीक आहे’ हे वाक्य महत्त्वाचं. आणि सही अजिबात नसेल तर फाइल वाईटच असं नाही. सहीच्या सर्टिफिकेटला दरवर्षी पैसे मोजावे लागतात, त्यामुळे एकट्याने बनवलेली फुकट साधनं बहुधा सहीविना असतात. मात्र ‘मायक्रोसॉफ्ट’ म्हणवणारी प्रोसेस सहीविना निघाली, तर तिला कसलीही सवलत नाही.

## ‘सही असली म्हणजे निर्धास्त?’

नाही. २०१० मध्ये उघडकीस आलेल्या स्टक्सनेट या मालवेअरच्या ड्रायव्हर फाइलवर रिअलटेक आणि जेमायक्रॉन या दोन कंपन्यांच्या चोरलेल्या सर्टिफिकेटने केलेल्या सह्या होत्या. २०१७ मध्ये सीक्लीनर या लोकप्रिय साधनाची ५.३३ ही आवृत्ती कंपनीच्या अधिकृत ठिकाणाहून, कंपनीच्या खऱ्या सहीसह, पण आत घुसवलेल्या मालवेअरसकट लोकांपर्यंत गेली. २०२१ मध्ये नेटफिल्टर नावाच्या एका रूटकिट (स्वतःला लपवणारं मालवेअर) ड्रायव्हरवर तर मायक्रोसॉफ्टचीच सही निघाली. ड्रायव्हर तपासून सही देण्याच्या योजनेतून तो पार झाला होता.

पण ही उदाहरणं लक्षात राहतात, ती तुलनेने विरळ म्हणूनच. घरगुती कंप्युटरवर जास्त संभवणारा प्रकार वेगळा आहे. मालवेअर एखाद्या नामांकित कंपनीची सही असलेली खरी फाइल आणतं, भलत्याच फोल्डरमध्ये ठेवतं आणि तिच्या शेजारी तिला लागणारी डीएलएल फाइल (प्रोग्राम चालताना ज्यातला कोड वापरतो ती जोडफाइल) बनावट ठेवतं. अस्सल प्रोग्राम सुरू झाला की तो शेजारची डीएलएल उचलतो आणि वाईट कोड चांगल्या प्रोसेसच्या पोटात चालू लागतो. सही तपासली तर निर्दोष. पत्ता पाहिला तर मात्र प्रश्न पडतो : या कंपनीचा प्रोग्राम पब्लिक किंवा टेम्पमध्ये काय करतोय? सही आणि पत्ता वेगवेगळे तपासण्यात अर्थ नाही. ते एकमेकांशी जुळतात का, हे पाहायचं.

## तिसरा आणि चौथा प्रश्न : कोणी पाठवलं, काय काम सांगितलं?

प्रत्येक प्रोसेसला दुसरी कुठली तरी प्रोसेस सुरू करते. तिला पालक प्रोसेस म्हणतात. प्रोसेस एक्सप्लोरर ही वंशावळ झाडासारखी दाखवतो, जन्मलेली प्रोसेस पालकाच्या खाली थोडी उजवीकडे सरकवून. विंडोजचं कूळ पक्कं ठरलेलं असतं. विनइनिटच्या खाली सर्व्हिसेस आणि एलसॅस, आणि सर्व्हिसेसच्या खाली सगळ्या एसव्हीसीहोस्ट. एसव्हीसीहोस्टचा पालक वर्ड किंवा एखादं अनोळखी ॲप निघालं, तर काहीतरी बिनसलेलं आहे. एक्सप्लोरर मात्र पोरका दिसतो, कारण त्याला सुरू करणारी युजरइनिट ही प्रोसेस काम झालं की निघून जाते. ते ठीकच आहे.

आदेशाचा भाग सर्वांत कमी पाहिला जातो आणि बऱ्याचदा तोच सर्वांत जास्त बोलतो. अलीकडचे हल्ले स्वतःचा प्रोग्राम आणण्याऐवजी विंडोजचीच साधनं राबवतात : पॉवरशेल, रनडीएलएल३२, एमएसएचटीए, डब्ल्यूस्क्रिप्ट, रेगसर्व्हर३२. या फाइलचा पत्ता बरोबर, सही मायक्रोसॉफ्टची, आणि काम भलत्याचं. म्हणून ‘रनडीएलएल३२ सुरक्षित आहे का’ हा प्रश्नच अपुरा आहे. ते कोणती डीएलएल चालवतंय, हे कमांड लाइनमध्ये वाचा. डीएलएल सिस्टिम३२ मधली किंवा ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरची असेल तर ठीक. ॲपडेटामधली, अगम्य नावाची असेल तर तीच खरी संशयित, तिची सही तपासा. पॉवरशेलच्या आदेशात खिडकी लपवण्याची सूचना आणि पाठोपाठ ‘एन्कोडेड कमांड’ म्हणून शेकडो अक्षरांची निरर्थक माळ दिसली, तर कोणीतरी काहीतरी लपवतंय. काही कार्यालयांमध्ये व्यवस्थापनाची सॉफ्टवेअरं असे आदेश देतात, पण घरच्या कंप्युटरवर त्याला सहसा निरागस कारण नसतं.

एमएसएचटीए घरच्या कंप्युटरवर, आणि त्यातही आदेशात वेबपत्त्यासह, चालताना दिसली तर मी तरी तिला संशयाचा फायदा देणार नाही.

## ‘एसव्हीसीहोस्ट एवढ्या वेळा का?’

सर्व्हिस चालवण्यासाठी विंडोज एसव्हीसीहोस्ट हा एक सामाईक यजमान वापरतं. पूर्वी एकेका यजमानात अनेक सर्व्हिस कोंबलेल्या असत. त्यातली एक कोसळली की बाकीच्यांनाही घेऊन जायची. २०१७ च्या विंडोज १० मधल्या क्रिएटर्स अपडेटपासून, ३.५ जीबीहून जास्त रॅम असलेल्या कंप्युटरवर बहुतेक सर्व्हिसना स्वतंत्र यजमान मिळतो. म्हणून साठ-सत्तर ओळी दिसणं ही आजची सामान्य स्थिती आहे. अस्सल एसव्हीसीहोस्टच्या कमांड लाइनमध्ये आडव्या रेघेनंतर के हे अक्षर आणि पुढे गटाचं नाव असतं. आतली सर्व्हिस कोणती हे पाहायचं तर डिटेल्समध्ये तिच्यावर उजवं क्लिक करून ‘गो टू सर्व्हिसेस’ निवडा.

तुमच्या खात्याच्या नावाने चालणारी एसव्हीसीहोस्ट म्हणजे हमखास व्हायरस, असं जुन्या लेखांत वाचायला मिळेल. ते आता खरं नाही. विंडोज १० पासून काही सर्व्हिस प्रत्येक वापरकर्त्यासाठी वेगळ्या, त्याच्याच खात्यात चालतात.

## ‘सीपीयू ऐंशी टक्के खातेय, म्हणजे वाईटच ना?’

बहुधा नाही. डिफेंडरची तपासणी, अपडेटनंतरची टायवर्कर आणि शोधासाठी फाइलची सूची करणारा सर्च इंडेक्सर, हे तिघं अधूनमधून कंप्युटर दमवतात. मोठा अपडेट बसल्यावर तासभर वाट पाहून मग मत बनवा. ‘सिस्टिम आयडल प्रोसेस’ ९५ टक्के दाखवत असेल तर आनंदच माना. तो आकडा प्रोसेसर किती मोकळा आहे हे सांगतो.

खरं काळजीचं लक्षण वेगळं : टास्क मॅनेजर उघडला की पंखा शांत, बंद केला की पुन्हा जोर. दुसऱ्याच्या कंप्युटरवर चोरून क्रिप्टो चलन खोदणारे काही प्रोग्राम टास्क मॅनेजर उघडा असेपर्यंत थांबून राहतात. टास्क मॅनेजर उघडल्यावर क्षणभर आकडा उसळून खाली येणं मात्र नेहमीचंच. तरीही शंका असेल तर प्रोसेस एक्सप्लोररच्या फाइलचं नाव बदलून ते चालवा आणि दहा-पंधरा मिनिटं आकडे पाहत राहा. आणि डेटा चोरणाऱ्या मालवेअरला सीपीयू फारसा लागतच नाही. कंप्युटर सुरळीत चालतोय हा निर्दोषपणाचा दाखला नाही.

## दुसरं मत कसं घ्यावं

प्रोसेसच्या नावांची माहिती देणाऱ्या बऱ्याच संकेतस्थळांचा धंदा घाबरवण्यावर चालतो. वर धोक्याची लाल पट्टी आणि खाली ‘दुरुस्ती साधन’ डाउनलोड करण्याचं बटण. ते साधन बहुतेकदा मूळ प्रोसेसपेक्षा जास्त त्रासदायक निघतं.

नाव शोधण्यापेक्षा फाइलचा हॅश शोधा. हॅश म्हणजे फाइलमधल्या प्रत्येक बिटावरून काढलेली खूण. फाइल किंचित बदलली तरी खूण पूर्ण बदलते आणि नाव बदललं तरी खूण तीच राहते. पॉवरशेलमध्ये गेट-फाइलहॅश ही कमांड आणि पुढे अवतरणचिन्हांत फाइलचा पत्ता दिला की ६४ अक्षरांचा एसएचए-२५६ हॅश मिळतो. तो व्हायरसटोटलच्या शोधचौकटीत टाका. २००४ मध्ये सुरू झालेली आणि २०१२ पासून गूगलकडे असलेली ही सेवा सत्तरच्या आसपास अँटिव्हायरसचा निकाल एकत्र दाखवते. प्रोसेस एक्सप्लोररच्या ऑप्शन्समध्येही व्हायरसटोटलचा पर्याय आहे. तो सगळ्या चालू प्रोसेसचे हॅश पाठवून निकाल शेजारीच दाखवतो.

निकाल वाचायलाही थोडी समज लागते. वीस-तीस अँटिव्हायरस इंजिनांनी नामांकित कंपन्यांसकट लाल दाखवलं तर चर्चा संपली. एक-दोन अपरिचित इंजिनांनी ‘जेनेरिक’ किंवा ‘ह्युरिस्टिक’ असं मोघम नाव दिलं, तर तो बऱ्याचदा खोटा इशारा असतो. आणि शून्य म्हणजे सुरक्षित असं नाही. फाइल पहिल्यांदा कधी आली ती तारीख ‘डिटेल्स’मध्ये पाहा. चार वर्षं जुनी फाइल आणि शून्य इशारे, हे दिलासादायक. कालच आलेली आणि शून्य, म्हणजे अजून कोणी ओळखलेलं नाही एवढंच. हॅश सापडलाच नाही तर? विंडोजची म्हणवणारी फाइल जगात कोणीच पाहिलेली नाही, हे अशक्यप्राय आहे. कार्यालयाच्या खास सॉफ्टवेअरबाबत मात्र स्वाभाविक.

फाइल अपलोड करण्याआधी थांबा. तिथे टाकलेल्या फाइल सुरक्षा कंपन्या आणि सशुल्क ग्राहक यांना मिळू शकतात. प्रोग्राम टाकायला हरकत नाही, पण खाजगी कागदपत्रं टाकू नका. हॅश शोधताना फाइल तुमच्या कंप्युटरवरून कुठेच जात नाही.

## सगळ्या परीक्षांत पास, तरीही नको

एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर प्रामाणिक कंपन्यांचे, सही असलेले, व्हायरसटोटलवर स्वच्छ प्रोग्राम आहेत. पण ‘तुमच्या कंप्युटरमध्ये बिघाड आहे’ असा फोन करणारा भामटा हीच साधनं बसवायला सांगतो आणि तुमचा पडदा स्वतःच्या ताब्यात घेतो. अँटिव्हायरस अनेकदा गप्प राहतो, कारण त्याच्या दृष्टीने वावगं काही नाही. दूरस्थ नियंत्रणाचं जे साधन तुम्ही स्वतः बसवलं नाही किंवा कार्यालयाने दिलं नाही, ते सेटिंग्जमधल्या ॲप्सच्या यादीतून अनइन्स्टॉल करा. त्याआधी इंटरनेट तोडा.

## संशय पक्का झाला तर

पहिला हात ‘एंड टास्क’वर जातो. चुकीच्या प्रोसेसवर गेला तर पंचाईत : सीएसआरएसएस किंवा विनइनिट मारली की निळा पडदा येऊन विंडोज कोसळतं, एलसॅस मारली की ते जबरदस्तीने रीस्टार्ट होतं. आणि बरोबर प्रोसेस मारली तरी ती काही सेकंदांत परत उभी राहते, कारण तिला उठवणारी नोंद जागेवरच असते. काही मालवेअरच्या दोन प्रोसेस तर एकमेकींवर पहारा ठेवतात. एक मेली की दुसरी तिला पुन्हा सुरू करते. प्रोसेस एक्सप्लोररमध्ये ‘किल’च्या जवळ ‘सस्पेंड’ असतं. आधी दोघींना गोठवा, मग मारा. गोठलेल्या पहारेकऱ्याला काही करता येत नाही.

फाइलचा पत्ता आणि हॅश लिहून ठेवा, वाय-फाय बंद करा. फाइल हाताने डिलीट करत बसू नका. सिसइंटर्नल्सचंच ऑटोरन्स ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा. विंडोज सुरू होताना काय-काय आपोआप चालतं ते सगळं ते एका ठिकाणी दाखवतं : स्टार्टअप फोल्डर, रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीतल्या) रन नोंदी, टास्क शेड्युलरची कामं, सर्व्हिस, ड्रायव्हर. ऑप्शन्समधून मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवल्या की यादी आवाक्यात येते. संशयिताच्या नोंदीसमोरची खूण काढा. खूण काढल्याने नोंद निष्क्रिय होते, पुसली जात नाही. चूक झाली तर परत लावता येते.

नंतर विंडोज सिक्युरिटीमध्ये ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’, तिथे ‘स्कॅन ऑप्शन्स’ आणि डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन. कंप्युटर रीस्टार्ट होऊन विंडोज पूर्ण सुरू होण्याआधीच तपासणी होते, साधारण पंधरा मिनिटांची. टास्क मॅनेजरपासून स्वतःला लपवणारे रूटकिट चालू विंडोजमध्ये पकडणं अवघड. इथे ते चालूच नसतात, म्हणून त्यांना लपता येत नाही. विंडोजच्या फाइल बदलल्या गेल्याचा संशय असेल तर ॲडमिनिस्ट्रेटर कमांड प्रॉम्प्टमध्ये एसएफसी आणि पुढे तिरपी रेघ देऊन स्कॅननाऊ.

मालवेअर सापडलंच, तर पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून. आधी ईमेलचा, कारण बाकी सगळे पासवर्ड त्याच्यातूनच रीसेट होतात. नंतर बँकेचा, मग इतर. पासवर्ड बदलून भागत नाही. माहिती चोरणारी मालवेअर ब्राउझरमधल्या कुकीही उचलतात आणि चालू लॉगिन पासवर्डशिवाय वापरता येतं. म्हणून प्रत्येक खात्यात ‘सगळीकडून साइन आउट’ हा पर्याय शोधून दाबा. ऑफलाइन स्कॅननंतरही तीच प्रोसेस परत आली, तर कागदपत्रांची प्रत काढून घ्या, प्रोग्रामच्या फाइल सोबत नेऊ नका, आणि सेटिंग्जमधल्या रिकव्हरीमधून ‘रीसेट धिस पीसी’, त्यात ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ आणि ‘क्लाउड डाउनलोड’ निवडा. म्हणजे डिस्कवरच्या संशयास्पद फाइलऐवजी मायक्रोसॉफ्टकडून ताजं विंडोज उतरवून घेतलं जातं.